चेकबुक उघडले की रांग थांबते

ओहायो राज्यातील कोलंबस शहराच्या एका उपनगरात माझी धाकटी बहीण गेली सव्वीस वर्षे राहते. २०२४ सालच्या उन्हाळ्याच्या सुटीत, शिक्षण खात्याची रीतसर परवानगी काढून, मी आणि सौ. पाच आठवडे तिच्याकडे राहून आलो. बडोद्यास परतल्यावर आप्तेष्टांनी नायगारा पाहिला का, न्यूयॉर्क कसे वाटले, असे ठरलेले प्रश्न विचारले. नायगारा पाहिला, आणि तो पाहण्यासारखाच आहे. परंतु त्या मुक्कामातील जी गोष्ट मनात घर करून राहिली ती किराणा मालाच्या एका दुकानात, पैसे देण्याच्या काउंटरापाशी घडली. ती सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

शनिवारची सकाळ होती. आठवड्याचे सामान आणण्यासाठी बहीण, तिचा कॉलेजात शिकणारा मुलगा आणि मी असे तिघे गेलो होतो. भरलेली ढकलगाडी घेऊन रांगेत उभे राहिलो. आमच्या पुढे एक वृद्ध बाई होत्या. वय ऐंशीच्या आसपास, पांढरे केस नीट विंचरलेले, अंगात फिकट निळा स्वेटर. त्यांच्या मालाची मोजदाद झाली, पिशव्या भरून झाल्या, यंत्रावर त्रेसष्ट डॉलर अठरा सेंट हा आकडा उमटला. तेव्हा कोठे बाईंनी पर्स उघडली, तीतून चेकबुक काढले, चष्मा बदलला आणि सावकाश लिहावयास आरंभ केला. प्रथम तारीख. मग दुकानाचे नाव. मग चौकटीत आकडा. मग ओळीवर अक्षरी रक्कम. तिकडे डॉलर शब्दांत लिहितात आणि सेंट शंभराच्या अपूर्णांकात, म्हणजे ‘त्रेसष्ट आणि १८/१००’. मग सही. कॅशियर मुलीने वाहन चालविण्याचा परवाना मागितला, त्याचा क्रमांक टिपून घेतला आणि चेक एका लहानशा यंत्रातून सरकवला. यंत्राने विचार करावयास थोडा अवधी घेतला. नंतर त्या मुलीने एका पावतीवर बाईंची सही घेतली आणि आश्चर्य असे की, तो चेक बाईंनाच परत दिला! बाईंनी तो घडी करून ठेवला. चेकबुकाच्या आत एक छोटी वही होती. तीत तेथल्या तेथे एक ओळ लिहिली, वजाबाकी केली आणि मगच पर्स मिटली.

आमच्या मागे एव्हाना सहा-सातजण जमले होते. कोणी काही बोलले नाही. त्या देशात रांगेत बोलण्याची रीत नाही. पण एकाने दीर्घ निःश्वास टाकला, आणि दुधाचा एकच कॅन हातात असलेले एक गृहस्थ मुकाट्याने दुसऱ्या रांगेत गेले. भाचा माझ्या कानाशी लागून म्हणाला, “मामा, या आजीबाईंपायी अर्धी अमेरिका खोळंबली आहे.”

पर्यवेक्षणाची वर्षानुवर्षांची सवय. मी घड्याळ पाहिले होते. बाईंचे काम तीन मिनिटांना दहाएक सेकंद कमी इतक्या वेळात झाले. आमची पाळी आली तेव्हा भाच्याने आपले कार्ड यंत्राला नुसते टेकवले. पाच सेकंदही लागले नाहीत.

आपल्या वाचकांपैकी बहुतेकांना दुकानात चेक लिहिणे हीच कल्पना चमत्कारिक वाटेल. आपल्याकडे तो प्रकार कधी रुजलाच नाही. आम्हां बडोदेकरांना बँक काही नवी नव्हे. सयाजीराव महाराजांनी १९०८ साली बँक ऑफ बडोदा स्थापन करविली, हे येथे शेंबड्या पोरासही ठाऊक असते. दांडिया बाजारातील आमच्या घरी चेकबुक होते. पण ते कपाटाच्या चोरखणात, दागिन्यांच्या डब्याशेजारी. वडील ते वर्षाकाठी चार-पाच वेळा बाहेर काढीत, आणि त्या दिवशी घरात कोणी मोठ्याने बोलत नसे. वाण्याकडे महिन्याचे खाते असे, खंडेराव मार्केटात भाजी रोखीने. अनोळखी माणसाचा चेक घेऊन त्याला साखर-तेल देणारा दुकानदार आपल्याकडे विरळाच. कारण चेक वटला नाही तर दोनशे रुपयांसाठी कोर्टाची पायरी कोण चढणार? चेक न वटणे हा गुन्हा ठरविणारे कलम १३८ आपल्या १८८१ च्या कायद्यात आले ते १९८९ च्या एप्रिलपासून.

अमेरिकेत मात्र उलट घडले. तेथे पगार चेकने मिळे, घरभाडे चेकने दिले जाई, विजेचे बिल, मुलांच्या शाळेची वर्गणी, चर्चमधील देणगी, सारे चेकनेच. साहजिकच मांस-भाजीच्या दुकानातही चेक आला. सुपरमार्केटे तर ओळखीच्या गिऱ्हाइकाचा पगाराचा चेक घेऊन त्यास रोख रक्कमही देत. चेकांची संख्या इतकी फुगली की ते हाताने वेगळे करणे बँकांच्या आवाक्याबाहेर गेले. त्यातून १९५० नंतरच्या दशकात चुंबकीय शाईचे आकडे निघाले. आपल्या चेकच्या तळाशी जे जाड, किंचित विचित्र वळणाचे आकडे असतात ते तेच. तिकडची लिपी आपण जशीच्या तशी उचलली आहे. २००० साली अमेरिकेत चाळीस अब्जांहून अधिक चेक लिहिले गेले. २०२१ साली ती संख्या सुमारे अकरा अब्जांवर आली. म्हणजे तीन चतुर्थांश चेक नाहीसे झाले. पण उरलेला चौथा हिस्सादेखील काही थोडाथोडका नव्हे.

आता त्या परत दिलेल्या चेकचे कोडे. ते माझ्या मनातून जाईना, म्हणून मी मेहुण्यांना विचारले. ते तिकडे हिशेबनिसाचेच काम करतात. त्यांनी सांगितले ते असे.

पूर्वी चेक हा कागद म्हणून खरोखरच प्रवास करी. दुकानातून दुकानाच्या बँकेत, तेथून विमानाने वा मोटारीने दुसऱ्या शहरी, आणि शेवटी लिहिणाऱ्याच्या बँकेत. या प्रवासाला दोन-चार दिवस लागत, आणि तेवढे दिवस पैसे लिहिणाऱ्याच्याच खात्यात असत. मधल्या या काळाला ‘फ्लोट’ म्हणजे तरंगणे असे नाव होते. पगार शुक्रवारी होणार असला तर गृहिणी बुधवारी किराणा भरी आणि निश्चिंतपणे चेक लिही. चेक बँकेत पोहोचेपर्यंत पगारही पोहोचे. कायद्याने हे योग्य नव्हते. पण दोन पिढ्यांचे संसार या तरंगण्यावर तरले, असे मेहुणे म्हणाले. वाण्याच्या वहीने आपल्याकडे जे काम केले तेच हे.

पुढे २००१ च्या ११ सप्टेंबरला तो भीषण हल्ला झाला, विमाने काही दिवस जमिनीवरच राहिली आणि चेकांचे गठ्ठे जागच्या जागी अडकून पडले. कागद हिंडवीत बसणे किती ठिसूळ व्यवस्था आहे हे त्या आठवड्यात सर्वांस उमगले. २००३ च्या ऑक्टोबरमध्ये कायदा झाला आणि वर्षभराने, २८ ऑक्टोबर २००४ पासून, मूळ कागदाऐवजी त्याच्या छायाचित्रावरून व्यवहार पुरा करण्याची मुभा मिळाली. फ्लोट आटला. कित्येक दुकाने त्याही पुढे गेली. तेथील यंत्र चेकच्या तळाचे आकडे वाचते, म्हणजे बँकेचा क्रमांक आणि खात्याचा क्रमांक, आणि त्यावरून रक्कम परस्पर खात्यातून वळती करून घेते. मग कागदाचे काम काय? काहीच नाही. म्हणून तो गिऱ्हाइकास परत देतात. काही दुकानांत तर कोरा चेक दिला तरी चालतो.

हे ऐकून मला वाईट वाटले. आकडी रक्कम आणि अक्षरी रक्कम यांत तफावत असेल तर अक्षरी ग्राह्य धरावी, असा नियम त्यांच्याकडे आहे आणि आपल्याही १८८१ च्या कायद्यात आहे. भाषेच्या शिक्षकास सुखावणारे असे कायद्यात फारसे काही सापडत नाही. हे एक होते. आणि येथे त्या बाई चष्मा बदलून, वळणदार अक्षरांत ‘त्रेसष्ट’ लिहीत होत्या, आणि ती ओळ कोणी वाचणारच नव्हते.

कार्डाची कुळकथा फार जुनी नाही. १९५० साली न्यूयॉर्कमध्ये डायनर्स क्लबाचे कार्ड निघाले, ते हॉटेलांत जेवणाऱ्यांसाठी. सामान्य संसारी माणसाच्या हाती कार्ड आले ते १९५८ च्या सप्टेंबरात, जेव्हा बँक ऑफ अमेरिकेने कॅलिफोर्नियातील फ्रेझ्नो या गावी साठ हजार कार्डे कोणी मागितली नसताना टपालाने घरोघर पाठवून दिली. तेच कार्ड १९७६ पासून ‘व्हिसा’ म्हणून ओळखले जाऊ लागले. आज कार्ड म्हणजे वेग असे आपण समजतो. पण आरंभी कार्ड चेकइतकेच सुस्त होते. दुकानदार ते एका साच्यात ठेवून कार्बनच्या कागदावर ठसा उमटवी, चोरीस गेलेल्या कार्डांच्या छापील पुस्तिकेत क्रमांक शोधी, रक्कम मोठी असेल तर फोन करून बँकेची अनुज्ञा घेई. त्या काळी रांगेत कोणी चेक लिहिणाऱ्यावर निःश्वास टाकीत नसे. चुंबकीय पट्टी आली, मग चिप, मग स्पर्शाने चालणारे कार्ड. २०१८ मध्ये मोठ्या कार्ड-कंपन्यांनी सहीची अटही काढून टाकली. चेक पूर्वी होता तितकाच वेळ आजही घेतो. बदलली आहे ती मागे उभ्या असलेल्यांची सहनशक्ती.

परंतु वेगाचे मोल कोणी तरी देतच असते. भाचा मोठ्या अभिमानाने म्हणाला होता, “मामा, मी शंभर डॉलर खर्च केले की कार्डवाले मला दोन डॉलर परत देतात.” हे दोन डॉलर कोठून येतात, असे मी विचारले, तर तो हसला. मेहुण्यांनी मात्र कागद घेऊन हिशेबच मांडला. क्रेडिट कार्डाच्या दर व्यवहारामागे दुकानदाराला साधारणपणे दोन ते अडीच टक्के कापून द्यावे लागतात. काही कार्डांस त्याहून अधिक. डेबिट कार्डाचे तसे नाही. २०१० च्या कायद्यान्वये मोठ्या बँकांच्या डेबिट कार्डावरील आकार २०११ च्या ऑक्टोबरपासून एकवीस सेंट अधिक रकमेच्या पाच शतांश टक्के इतका बांधून दिलेला आहे. म्हणजे त्या बाईंच्या त्रेसष्ट डॉलरांवर क्रेडिट कार्डाचा भार सव्वा डॉलरच्या पुढे, आणि डेबिट कार्डाचा पाव डॉलरच्या आसपास. किराणा दुकानाचा निव्वळ नफा शंभरास एक-दोन डॉलर, हे ध्यानात घेतले म्हणजे सव्वा डॉलर ही केवढी रक्कम आहे ते कळते.

दुकानदार ती आपल्या खिशातून देत नाही; मालाच्या भावात मिळवतो. आणि भाव सर्वांना एकच. रोख देणारा, चेक लिहिणारा, कार्डावर बक्षीस मिळविणारा, सारे दुधाचे सारखेच पैसे देतात. बॉस्टन येथील फेडरल रिझर्व्ह बँकेच्या अर्थशास्त्रज्ञांनी २०१० साली हा प्रश्न तपासला. त्यांच्या गणिताप्रमाणे रोखीने व्यवहार करणारे एक सरासरी कुटुंब वर्षाला १४९ डॉलर कार्ड वापरणाऱ्यांच्या पदरात टाकते, आणि कार्ड वापरणाऱ्या कुटुंबाला त्यातून ११३३ डॉलर मिळतात. रोखीने देणारे बहुधा गरीब असतात, आणि बक्षिसाचे कार्ड धरणारे बहुधा सुस्थितीत, हेही त्यांनी नोंदविले आहे. त्या बाईंनी आमची तीन मिनिटे घेतली हे खरे. पण भाच्याच्या दोन डॉलरांत त्यांचाही काही वाटा होता.

येथे चेकची फाजील तरफदारी होऊ नये म्हणून सांगतो: चेकही दुकानदारास फुकट पडत नाही. न वटलेल्या चेकांचे नुकसान, ते तपासणाऱ्या संस्थेची फी, आणि कॅशियरचा वेळ, हे सारे त्याच्याच अंगावर पडते.

त्या बाईंची आणि माझी पुढे ओळख झाली. बहिणीच्या पलीकडच्या रस्त्यावरच त्यांचे घर, आणि वाचनालयात दोघींची नेहमीची भेट. मी शिक्षक असल्याचे कळताच त्यांनी आम्हां उभयतांना चहाला बोलावले. कारण त्याही निवृत्त शिक्षिका, प्राथमिक शाळेत गणित शिकविलेल्या. बोलता बोलता मी ती छोटी वही पाहावयास मागितली. त्यांनी एक नव्हे, अशा वह्यांनी भरलेली बुटांची पेटीच पुढे ठेवली. एकेका ओळीत चेकचा क्रमांक, तारीख, कोणास दिले, किती दिले, शिल्लक किती. जुन्या वह्यांतील अक्षर निराळे होते. ते त्यांच्या यजमानांचे. ते वारून अकरा वर्षे झाली होती. चेकवर अजून दोघांची नावे छापलेली होती. बँकेने दोनदा सुचवूनही त्यांनी ती बदलून घेतली नव्हती.

“कार्ड माझ्याकडेही आहे,” त्या म्हणाल्या, “डॉक्टरकडे आणि पेट्रोलला वापरते. पण कार्डाने दिले की मला दिल्यासारखे वाटत नाही. महिनाअखेर कागद येतो आणि मी विचारीत बसते, हे कधी घेतले? चेक लिहिताना मला माझी शिल्लक दिसते.” मग जरा थांबून म्हणाल्या, “मागे लोक उभे असतात हे मला कळत नाही असे नाही. मी वस्तू मोजून होण्यापूर्वीच तारीख आणि नाव लिहून ठेवीत असे. हल्ली हात कापतो, गाडीच्या दांडीवर चेकबुक ठरत नाही.”

मी भाच्याकडे पाहिले. तो बशीतल्या केककडे पाहत होता.

यानंतर आठच दिवसांनी भाच्यावर एक प्रसंग गुदरला. एका पेट्रोल पंपावर डेबिट कार्डाला गॅलनमागे काही सेंट कमी पडतात म्हणून त्याने तेथे नेहमीचे क्रेडिट कार्ड न वापरता बँकेचे डेबिट कार्ड सरकवले. पंपाच्या यंत्रात कोणी चोरट्याने क्रमांक टिपणारे उपकरण बसविलेले असावे. चार दिवसांनी दुसऱ्याच राज्यातील दुकानांतून त्याच्या खात्यातील नऊशेच्या वर डॉलर निघून गेले. त्याला पत्ता लागला तो घरमालकाचा फोन आल्यावर; कारण भाड्याचा सहाशे पन्नास डॉलरांचा चेक न वटता परत आला होता. होय, चेकच. दुकानात चेकची थट्टा करणारा हा तरुण घरभाडे चेकनेच देत होता, कारण घरमालक दुसरे काही घेत नसे. घरमालकाने चाळीस डॉलर दंड लावला, बँकेने पस्तीस. तो पोर रात्री स्वयंपाकघरात आईसमोर मान खाली घालून बसला होता, ते दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. चोरी त्याची झाली होती, आणि लाज वाटत होती त्यालाच.

पैसे शेवटी परत मिळाले, दंडही बँकेने माफ केला. पण त्यास नऊ दिवस लागले, आणि ते दिवस आईने भाडे भरले म्हणून निभावले. एकटा परदेशी विद्यार्थी असता तर? आपल्यापैकी पुष्कळांची मुले आज तिकडे एकटी आहेत, म्हणून या प्रकरणातून मला जे कळले ते थोडे विस्ताराने लिहितो.

क्रेडिट कार्ड आणि डेबिट कार्ड दिसावयास सख्खी भावंडे. पण चोरी झाली म्हणजे दोघांचे स्वभाव वेगळे होतात. क्रेडिट कार्डावर जाते ते बँकेचे धन. आपण बिल अमान्य करावयाचे आणि बँकेने चौकशी करावयाची. तोवर आपल्या खात्याला धक्का लागत नाही. तिकडील कायद्याने अशा चोरीत धनकोची मागणी फार तर पन्नास डॉलरची. डेबिट कार्डावर जाते ते आपले स्वतःचे धन, आणि आधी जाते, चौकशी नंतर. १९७८ च्या कायद्यानुसार कार्ड हरवले वा चोरीस गेले आणि ते कळल्यापासून कामकाजाच्या दोन दिवसांत बँकेस कळविले, तर नुकसान पन्नास डॉलरच्या आत राहते. उशीर केला तर ते पाचशेपर्यंत जाऊ शकते. आणि बँकेने खात्याचा उतारा पाठविल्यापासून साठ दिवसांतही तक्रार केली नाही, तर त्यानंतर जाणाऱ्या रकमेला मर्यादाच नाही. भाच्याप्रमाणे नुसता क्रमांकच चोरीला गेला असेल, तर या साठ दिवसांकडेच लक्ष ठेवावे लागते. चौकशीस बँकेला कामकाजाचे दहा दिवस मिळतात. अधिक लागणार असतील तर तात्पुरती रक्कम खात्यात जमा करावी लागते. पण ते दहा दिवस घरमालक थांबत नाही. तेव्हा पंपावर आणि अनोळखी यंत्रावर डेबिट कार्ड लावू नये, आणि ज्या खात्यातून भाड्याचा चेक जातो ते खाते कार्डाशी जोडूच नये, एवढे आपल्या मुलांस जरूर लिहून कळवावे. आपल्या देशातही रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी काढलेल्या परिपत्रकानुसार, चूक ग्राहकाचीही नाही आणि बँकेचीही नाही अशा चोरीत, बँकेकडून सूचना आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळविल्यास ग्राहकावर काहीच भार पडत नाही. पुढे दिवस जातील तसा तो पडू लागतो. मोबाईलवर येणारा बँकेचा संदेश न वाचता पुसून टाकणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

मग चेक निर्धोक आहे काय? तसेही नाही. त्या शिक्षिकाबाईंनीच मला सांगितले की, २०२२ च्या हिवाळ्यात विजेच्या बिलाचा त्यांचा चेक टपालाच्या पेटीतून चोरीस गेला. चोरांनी रसायनाने शाई धुऊन नाव आणि रक्कम दोन्ही बदलली. असे प्रकार तिकडे इतके वाढले की २०२३ च्या फेब्रुवारीत तेथील अर्थखात्याच्या एका विभागास बँकांसाठी खास इशारा काढावा लागला. शिवाय चेकवर माणसाचे नाव, घरचा पत्ता, बँक आणि खात्याचा क्रमांक हे सारे छापलेले. ते आपण कोणत्याही काउंटरावरील अनोळखी हातात देतो. बाईंना चोरी चार दिवसांत कळली, ती त्या वहीमुळे. पैसे परत मिळावयास मात्र दोन महिने लागले.

आम्ही परतल्यावर दीडएक महिन्यात, १५ जुलै २०२४ पासून, टार्गेट या तेथील मोठ्या दुकानसाखळीने व्यक्तिगत चेक घेणे बंद केले. काही दुकानांनी ते त्यापूर्वीच बंद केले होते. २०२५ च्या मार्चमध्ये निघालेल्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने त्या वर्षीच्या ३० सप्टेंबरपासून सरकारनेही, थोडे अपवाद वगळून, कागदी चेक देणे थांबविले. इंग्लंडात मात्र निराळे घडले. तेथील बँकांच्या मंडळाने २००९ साली जाहीर केले होते की २०१८ च्या ऑक्टोबरात चेक साफ बंद होतील. वृद्धांच्या आणि धर्मादाय संस्थांनी असा गिल्ला केला, संसदेच्या समितीने असे खडसावले, की २०११ च्या जुलैमध्ये तो बेत मागे घ्यावा लागला. चेक घेण्याची सक्ती दुकानांवर तेथेही नाही; पण वीजबिल वा देणगी देणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या हातचे लेखणीचे साधन कोणी काढून घेतले नाही.

आपल्या बडोद्यात काउंटरवरची चेकची पायरी गाळून आपण एकदम पुढे आलो. नोव्हेंबर २०१६ मध्ये जुन्या नोटा रद्द झाल्या, आणि बघता बघता भाजीवालीच्या तराजूशेजारी ती काळ्यापांढऱ्या चौकटींची पाटी आली. १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्ड यांवर दुकानदाराकडून टक्केवारी घेण्यास मनाई आहे. अमेरिकेतील वाण्याच्या उरावर बसलेली ती दोन टक्के आपल्या भाजीवालीच्या उरावर नाहीत, ही समाधानाची गोष्ट खरीच. तरी मंगळवारच्या बाजारात माझ्या पुढे एक आजोबा उभे असतात. मोबाईलचा पडदा उन्हात दिसत नाही, चार आकडी गुप्त संख्या दुसऱ्यांदा चुकते, आणि मागून कोणी तरी म्हणते, “काका, जरा बाजूला होता का?”

गेल्या दिवाळीत बहिणीचा फोन आला तेव्हा मी शिक्षिकाबाईंची चौकशी केली. तिच्या त्या दुकानानेही आता चेक बंद केले आहेत, असे कळले. प्रथम बाई चार मैलांवरच्या दुसऱ्या दुकानात जाऊ लागल्या होत्या. पण हिवाळ्यात तेवढी गाडी चालवणे त्यांना जमेना. आता त्या जवळच्याच दुकानात कार्ड टेकवतात. वही मात्र चालूच आहे; पूर्वी जेथे चेकचा क्रमांक लिहीत, त्या रकान्यात आता ‘कार्ड’ असे लिहितात. “आणि घरी जाऊन नाही हं दादा,” बहीण म्हणाली, “तिथेच, काउंटरपाशी उभ्या राहून, चष्मा बदलून.”